हेडलाइट विझतच नाहीत? काहीही बदलण्याआधी रिले काढून बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गाडी नऊ वर्षांची आहे. दिवे साधे हॅलोजनचे आहेत, अंधार पडल्यावर आपोआप लागणारे नाहीत. तीन आठवड्यांपासून अधूनमधून लो बीम, म्हणजे जवळचा झोत, बंदच होत नाही. स्विच बंद केला, चावी काढली, दारं लॉक केली, तरी दिवे लख्ख चालू. कधी दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर विझतात, कधी नाही. दोनदा सकाळी बॅटरी पार उतरलेली मिळाली, म्हणून आता रोज रात्री तुम्ही बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवता. एका गॅरेजमध्ये कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे स्टीअरिंगवरचा दिव्यांचा स्विच, बदला म्हणाले, दुसऱ्यात बीसीएम, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारं गाडीचं कंट्रोल युनिट, गेलं म्हणाले. यातलं खरं कोणाचं, असा तुमचा प्रश्न आहे. आणि जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिली आहे, की वर्षभरापूर्वी 100/90 वॉटचे, म्हणजे हाय बीमला 100 आणि लो बीमला 90 वॉटचे, बल्ब बसवले.

त्या शेवटच्या ओळीकडे मी परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती तिच्यातच आहे. पण त्याआधी एक गोष्ट खटकली ती सांगतो. या दोघांपैकी कोणीही रिले, म्हणजे स्विचच्या हुकुमावर दिव्याचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा पार्ट, काढून बघितल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे आलेलं नाही. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम बावीस वर्षं करतोय. विझत नसलेल्या हेडलाइटच्या गाडीला मी पहिला हात लावतो तो रिलेलाच. कुठला पार्ट गेला हा नंतरचा प्रश्न. स्विच बंद असताना दिव्यापर्यंत करंट कुठल्या वाटेने येतोय, हा पहिला. वाट कळली की पार्ट आपोआप सापडतो. वाट न शोधता पार्ट बदलत गेलं तर चांगले पार्ट कचऱ्यात जातात आणि दोष जागेवरच राहतो.

आज रात्रीपुरतं आधी बघू. बॅटरीचं टर्मिनल रोज काढण्याची गरज नाही. त्याने घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमचं सेटिंग जातं, आणि रोज सैल-घट्ट करून टर्मिनलची पकडही बिघडते. त्याऐवजी बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची आकृती बघा आणि लो बीमचे फ्यूज ओढून काढा. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, म्हणून दोन्ही काढा. कुठला फ्यूज कुठून काढला त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. सकाळी परत बसवा. फ्यूज काढलेल्या अवस्थेत संध्याकाळनंतर गाडी अजिबात चालवू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून दिवे विझवण्याचा प्रयत्न कधीही करू नका. अल्टरनेटरच्या व्होल्टेजला तेव्हा बॅटरीचा आधार राहत नाही, ते क्षणभर भलतंच वर जाऊ शकतं आणि त्यात महागडी इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

बॅटरी इतक्या लवकर का उतरते याचाही हिशेब बघा. 90 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 180 वॉट, 12 व्होल्टला साधारण 15 अँपिअर. 45 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर तीन तास टिकेल, पण स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. कंपनीचे 60/55 वॉटचे बल्ब असते तर हाच आकडा नऊ अँपिअरच्या आसपास राहिला असता. दोनदा पार उतरलेली बॅटरी आता पूर्ण चार्ज करून घ्या आणि काही तास नुसती ठेवून व्होल्टेज मोजा. 12.6 च्या आसपास असेल तर ठीक. 12.2 च्या वर टिकतच नसेल, तर दिव्यांचा दोष दुरुस्त झाल्यावरही सकाळी गाडी सुरू होणार नाही आणि तुम्हाला वाटेल दोष अजून आहेच.

आता एक शक्यता बाजूला काढू. काही लोकांच्या बाबतीत हा दोष नसतोच. दिवसा आपोआप जळणारे डीआरएल, म्हणजे दिवसाचे दिवे, काही देशांत सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये 1977 पासून दिवसाही दिवे लावून गाडी चालवावी लागते, कॅनडात डिसेंबर 1989 पासूनच्या नव्या गाड्यांना ते बंधनकारक झाले आणि युरोपीय संघात फेब्रुवारी 2011 पासून नव्या मॉडेलना. त्यामुळे स्विच बंद असूनही इंजिन चालू असताना पुढे दिवा जळणं ही अनेक गाड्यांत ठरवून केलेली गोष्ट आहे. तसंच चावी काढल्यावर अर्धा-एक मिनिट हेडलाइट चालू ठेवणारी ‘फॉलो मी होम’ सोय असते, ती कधी कधी इग्निशन बंद असताना डिपर ओढला गेला की नकळत सुरू होते. काही गाड्यांत चावी काढताना इंडिकेटरची दांडी एका बाजूला राहिली, तर त्या बाजूचा पार्किंग दिवा रात्रभर जळतो. तुमच्या गाडीत मात्र लो बीम पूर्ण ताकदीने तासन् तास जळतोय, म्हणजे यातलं काहीच नाही. तुमच्याकडे खरा दोष आहे.

पुढच्या वेळी दिवे अडकले की काहीही उघडण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. टेललाइट आणि नंबर प्लेटचा दिवा चालू आहे का? डॅशबोर्डच्या आकड्यांमागचा उजेड चालू आहे का? बहुतेक गाड्यांत पार्किंग-टेल दिव्यांची लाइन वेगळी आणि हेडलाइटची वेगळी असते, पण दोघांना हुकूम देणारा स्विच एकच. मागचे दिवे विझलेत आणि फक्त हेडलाइट जळतायत, तर स्विचने आपलं काम बरंचसं केलंय आणि संशय हेडलाइटच्या रिलेकडे जातो. मागचे-पुढचे सगळेच जळत असतील, तर स्विच किंवा त्याच्याजवळचं काहीतरी. हेसुद्धा बघा की पुढचे दोन्ही जळतायत की एकच. एकच बाजू अडकली असेल तर दोष दोन्ही बाजूंच्या वाटा फुटल्यानंतरचा आहे, किंवा तुमच्या गाडीत दोन बाजूंना दोन वेगळे रिले आहेत. या पाहणीला एकही पाना लागत नाही, आणि माझ्या अनुभवात अर्धं निदान इथेच होतं.

आता रिलेबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हेडलाइटचा मोठा करंट स्विचमधून नेला तर स्विच जळेल, म्हणून मध्ये रिले बसवतात. त्याच्या चार पायांवर आकडे कोरलेले असतात, ते जर्मन डीआयएन 72552 या प्रमाणातले आहेत. 30 वर बॅटरीचा सरळ प्लस येतो, 87 वरून तो दिव्याकडे जातो. 85 आणि 86 ही आतल्या छोट्या कॉइलची दोन टोकं. कॉइलला करंट मिळाला की ती लोखंडी पट्टी ओढते, आतले दोन पॉइंट एकमेकांना टेकतात आणि 30 चा प्लस 87 ला मिळतो. कॉइलला लागतो जेमतेम एक-दोन दशांश अँपिअर, आणि पॉइंटमधून जातात दहा-पंधरा. तुमचा स्विच फक्त कॉइलला हुकूम देतो. म्हणजे दिवा विझत नाही याची कारणं तीनच गटांत बसतात. एक तर हुकूम थांबलाय पण पॉइंट सुटत नाहीत, किंवा हुकूमच चालू राहिलाय, किंवा रिलेला बगल देऊन करंट दुसरीकडूनच दिव्यात शिरतोय.

दिवे अडकलेले असताना, स्विच बंद ठेवून, रिले सरळ वर ओढून काढा. दिवे तरीही जळत राहिले तर करंट रिलेच्या पुढे कुठून तरी शिरतोय, मग स्विच आणि रिले दोन्ही तात्पुरते निर्दोष. विझले, तर तोच रिले पुन्हा बसवा, आणि या वेळी कान लावून बसवा. बसताना ‘टक्’ असा आवाज आला आणि दिवे लागले, तर कॉइलला हुकूम मिळतोय, म्हणजे दोष स्विचच्या बाजूचा. कसलाही आवाज न होता दिवे लागले, तर पॉइंट आतून चिकटलेले आहेत, म्हणजे दोष रिलेचाच. आजूबाजूला गोंगाट असेल तर बोट ठेवा, टक् बोटाला जाणवते. मी नवीन मुलांना ही एवढी एक गोष्ट आधी शिकवतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. ओढताना बसलेल्या हिसक्याने चिकटलेले पॉइंट सुटू शकतात. मग रिले परत बसवल्यावर दिवे लागतच नाहीत आणि दोष पळून गेल्यासारखा वाटतो. तसं झालं तर तो पॉइंट चिकटल्याचाच पुरावा समजा. हुकूम चालू असता, तर रिले बसवताच दिवे परत लागलेच असते.

खात्री करायची असेल तर काढलेल्या रिलेला मल्टिमीटर लावा. 30 आणि 87 च्या मध्ये काहीही जोड दिसता कामा नये. तिथे मीटर वाजला तर पॉइंट चिकटलेले. 85-86 मध्ये साधारण 70 ते 100 ओहम मिळायला हवेत. त्याच फ्यूज बॉक्समध्ये बहुतेक वेळा हॉर्नचा किंवा आणखी कशाचा तरी तसलाच रिले असतो, तो थोडा वेळ इथे लावून बघता येतो. पण फक्त आकार बघून लावू नका. अंगावरचा नंबर आणि पायांची आकृती जुळली पाहिजे. दिसायला अगदी सारख्या रिलेंमध्ये 30 आणि 86 च्या जागा अदलाबदल केलेले प्रकार बाजारात आहेत.

पॉइंट चिकटतात म्हणजे काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. खराब रिलेची प्लॅस्टिकची टोपी पातळ पात्याने कडेने उचकटली की निघते. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्यावर एक पट्टी आणि पट्टीच्या टोकाला मसुराच्या डाळीपेक्षाही लहान दोन चांदीमिश्रित टिकल्या. चांगल्या रिलेत त्या टिकल्या करड्या आणि गुळगुळीत असतात. चिकटलेल्यात एकीवर बारीक उंचवटा आणि दुसरीवर तेवढाच खड्डा दिसतो, भोवती काळी राख असते, आणि बोटाने पट्टी उचलली तर ती ‘कट्’ करून सुटते. धातू वितळून जोडला गेलेला असतो. बल्बची थंड फिलामेंट गरम फिलामेंटच्या मानाने सुमारे दहापट जास्त करंट ओढते, अगदी क्षणभर. नेमक्या त्याच क्षणी पॉइंट एकमेकांवर आपटून सूक्ष्म उसळी घेत असतात, ठिणगी पडते आणि चांदी वितळते. 55 ऐवजी 90 वॉटचा बल्ब म्हणजे हा धक्का प्रत्येक वेळी दीडपटीहून मोठा. वर्षभर रोज दोन-चार वेळा तो बसत राहिला, की एक दिवस वितळलेली टिकली सुटत नाही. आधी अधूनमधून अडकते, चालू-बंद केल्यावर किंवा खड्ड्याच्या दणक्याने सुटते, मग कायमची बसते. तुम्ही लिहिलेली ‘कधी विझतात, कधी नाही’ ही चाल मला म्हणूनच ओळखीची वाटली.

अशा रिलेवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली की दिवे विझतात. ती फक्त चाचणी समजा. टकटक करून चाललंय म्हणून गाडी तशीच वापरणारे लोक मी बघितलेत. पण खडबडीत झालेले पॉइंट मधूनच टेकतही नाहीत, आणि मग भर रस्त्यात दिवे अचानक जातात. घासून साफ केलेले पॉइंटही टिकत नाहीत. रिले बदलायचाच.

आता तुमच्या 100/90 च्या बल्बमुळे एक वेगळी शक्यता येते, ती नीट वाचा. असे बल्ब बसवताना बऱ्याचदा बॅटरीपासून वेगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, टाकतात. त्यात स्वतःचे दोन रिले असतात आणि गाडीच्या मूळ कपलरमधून, म्हणजे वायरींच्या प्लगमधून, येणारा करंट फक्त त्या नव्या रिलेंना हुकूम देण्यापुरता वापरला जातो. तुमच्याकडे तसं असेल आणि चिकटलेला रिले त्या हार्नेसमधला असेल, तर फ्यूज बॉक्समधला मूळ रिले काढूनही दिवे जळतच राहतील. मूळ फ्यूज काढूनही जळत राहतील. मग पुढचा माणूस म्हणणार, रिले काढला तरी विझत नाहीत म्हणजे बीसीएम. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, स्विच आणि बीसीएम दोन्ही बदलून. बॅटरीच्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला स्क्रूने लावलेले दोन रिले टेपमध्ये गुंडाळलेले होते. एकाची टोपी उन्हात ठेवलेल्या मेणासारखी वाकली होती. तो काढताच दिवे विझले. म्हणून बोनेट उघडा आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून नव्या, जाड, कंपनीच्या नसलेल्या वायरी निघतायत का ते बघा. निघत असतील तर पहिला संशय तिथेच, आणि फ्यूज ओढण्याचा रात्रीचा उपाय त्या हार्नेसच्या फ्यूजवर करा.

रिले बसवताना टक् वाजली, म्हणजे हुकूम येतोय असं निघालं, तर शोध आतल्या बाजूला वळतो. इथे दोन प्रकारच्या गाड्या असतात. काहींत 85 कायम अर्थला असतो आणि स्विच 86 ला प्लस पाठवतो. काहींत 86 ला प्लस असतोच आणि स्विच 85 ला अर्थ देतो. रिले काढून, स्विच बंद ठेवून त्या दोन खाचा तपासा. दिवे बंद असताना दोन्ही गोष्टी, प्लस आणि अर्थ, एकाच वेळी मिळायला नकोत. मिळत असतील तर जो हुकूम बंद व्हायला हवा होता तो चालू आहे. हे तपासायला मल्टिमीटर वापरा. बल्बचा टेस्ट लॅम्प जुन्या गाडीत चालतो, पण जिथे हुकूम कंट्रोल युनिटमधून येतो तिथे त्या बल्बचा करंट युनिटला झेपेलच असं नाही.

मग रिले परत बसवून स्विचचा कपलर काढा. दिवे विझले तर स्विच दोषी, आणि मगच तो बदलण्यात अर्थ आहे. ज्या जुन्या गाड्यांत रिले नसतोच, सगळा करंट स्विचमधूनच जातो, त्यांत स्विच उघडल्यावर प्लॅस्टिक तपकिरी झालेलं आणि पितळी पट्टी त्यात रुतलेली दिसते. अशा गाडीत जास्त वॉटचे बल्ब टाकणं म्हणजे स्टीअरिंगखाली शेगडी ठेवण्यासारखं आहे, म्हणून तिथे आधी रिले बसवतात. स्टीअरिंगवरचा कॉम्बिनेशन स्विच काढायचा असेल तर एअरबॅग लक्षात ठेवा. बॅटरीचा मायनस काढून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला वेळ थांबायचं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना मीटर लावायचा नाही. सवय नसेल तर हे काम स्वतः करू नका.

स्विचचा कपलर काढूनही दिवे जळत राहिले, तर राहतात वायर आणि कंट्रोल युनिट. वायरीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांच्या डोक्यात येते. आपल्याला सवय असते, की वायर बॉडीला टेकली की शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. पण जिथे स्विच अर्थ देऊन दिवे लावतो, तिथे ती वायर सोलून बॉडीला टेकली तर फ्यूज उडत नाही, दिवा लागतो. गाडीला वाटतं स्विच चालू केलाय. काही गाड्यांत तर खुद्द बल्बच असा जोडलेला असतो, की मधल्या पायाला कायम प्लस आणि स्विच लो किंवा हाय बीमच्या पायाला अर्थ देतो. एका गाडीत स्टीअरिंग खाली-वर केलं की दिवे लागायचे. कॉलमच्या कडेला वायरीचा जुडगा एका ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. टेप सोलला तेव्हा एकाच वायरीचं तांबं जोंधळ्याच्या दाण्याएवढं उघडं होतं, आणि ब्रॅकेटवर त्याच जागी चकचकीत ओरखडा. अशा जागा ठरलेल्या असतात. स्टीअरिंग कॉलम, फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, वायर आत येते ते रबर, बॅटरीच्या ट्रेखाली, आणि हेडलाइटमागचा पत्रा, विशेषतः गाडीचं पुढचं अंग कधी ठोकलं गेलं असेल तर. फ्यूज बॉक्समध्ये पाणी शिरून हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर तिच्यातूनही एका पायाचा करंट दुसऱ्याकडे जातो. प्रेशरने इंजिन धुतल्यानंतर सुरू झालेला त्रास असेल तर आधी तिथेच बघा.

बीसीएमकडे मी सगळ्यात शेवटी जातो. बीसीएम खराब होतंच नाही असं मी म्हणणार नाही. अनेक नव्या गाड्यांत सुटा रिले नसतो, बीसीएममधला ट्रान्झिस्टर थेट दिवा चालवतो, आणि असा ट्रान्झिस्टर जळतो तेव्हा तो बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो. पण एक महत्त्वाचं ध्यानात ठेवायला हवं. अनेक गाड्यांत स्विचकडून येणारा संदेश मिळाला नाही किंवा विसंगत मिळाला, तर बीसीएम मुद्दाम लो बीम चालू ठेवतं. रात्री वेगात असताना दिवे जाण्यापेक्षा दिवसा जळत राहिलेले परवडले, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो बरोबर आहे. म्हणजे बीसीएम शहाण्यासारखं वागतंय, दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरीचा आहे, आणि बदलायला मात्र काढलं जातं बीसीएम. म्हणून स्कॅनर लावून नुसते फॉल्ट कोड वाचून थांबू नका, लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी बीसीएमला काय दिसतंय ते, बघा. स्विच बंद असताना स्कॅनरवर ‘बंद’ दिसतं का? दिसत नसेल तर बीसीएमच्या अलीकडे शोधा. स्विच बंद दिसतोय, बीसीएम आपलं आउटपुटही बंद असल्याचं सांगतंय आणि तरी दिवा जळतोय, आणि त्याच्या पुढच्या वायरीत बाहेरून कुठूनही करंट शिरत नाही, तेव्हाच मी बीसीएमला दोष देईन. ऑटो लाइट असलेल्या गाड्यांत याच्या जोडीला उजेडाचा सेन्सर येतो. तो काचेवर आरशामागे किंवा डॅशबोर्डवर असतो. त्याच्यावर स्टिकर, गडद फिल्म किंवा डॅशबोर्डची चटई आली, किंवा काच बदलताना त्याचा कपलर लावायचा राहिला, तर गाडीला कायम रात्रच वाटते. हे तुमच्यासाठी नाही, पण असाच त्रास असलेल्या दुसऱ्या कोणी वाचलं तर उपयोगी पडेल.

दिवे पूर्ण न जळता मंद मिणमिणत राहत असतील तर वरचं बरंचसं लागू होत नाही. ते लक्षण बहुतेक वेळा खराब अर्थचं असतं. करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो. हॅलोजनच्या जागी एलईडी टाकले असतील तर बल्ब शाबूत आहे का हे तपासायला बीसीएम जे बारीक झटके पाठवतं, तेवढ्यावरही एलईडी मिणमिणतात.

तुमच्या बाबतीत दिवे लख्ख जळतात, अधूनमधून अडकतात, चालू-बंद केल्यावर कधी सुटतात, आणि वर्षभर 90 वॉट चाललंय. एवढ्यावरून मी चिकटलेल्या रिलेवर संशय धरीन, मूळ फ्यूज बॉक्समधला किंवा नंतर टाकलेल्या हार्नेसमधला. गाडी समोर नाही, त्यामुळे हा अंदाजच आहे, आणि तो खोटा ठरवायला वरच्या दोन चाचण्या पुरेत. रिलेच निघाला तर नवीन रिले टाकताना बल्बही कंपनीने सांगितलेल्या वॉटचे परत टाका, नाहीतर वर्षभराने हेच परत होईल. जास्त वॉटने हेडलाइटचा रिफ्लेक्टर करपतो, होल्डरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो. अनेक देशांत रस्त्यावर ते बेकायदाही आहे. उजेड कमी वाटत असेल तर बल्बपाशी व्होल्टेज मोजून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 आणि बल्बवर 12 मिळत असतील, तर वाटेतल्या जुन्या वायरी आणि अर्थ तुमचा उजेड खातायत. ते दुरुस्त केलं की 55 वॉटही पुरेसा वाटेल. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज बसवला असेल तर आजच मूळ अँपिअरचा टाका, कारण मोठ्या फ्यूजच्या मागे वायर जळते.

पुढच्या वेळी दिवे अडकतील तेव्हा आधी टेललाइट बघा, मग रिले ओढा, मग तोच रिले बसवताना टक् ऐका, आणि बॅटरीच्या प्लसपासून वेगळी जाड वायर निघतेय का ते बघा. या चार गोष्टींचं उत्तर मला कळवा. रिलेच्या अंगावरची आकृती आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाचा फोटो असला तर आणखी बरं, म्हणजे 85 आणि 86 पैकी कुठल्या खाचेत काय मिळायला हवं ते तुमच्याच गाडीपुरतं सांगता येईल. तोवर स्विचही घेऊ नका आणि बीसीएमही.